जिम लावलीत? मग किती उचलायचं आणि कधी थांबायचं, हे आधी ठरवा

लेग डेच्या, म्हणजे पायांच्या व्यायामाच्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, की बरेच जण त्याला व्यायाम लागू पडल्याची पावती समजतात. ती पावती नव्हे. स्नायूला सवय नसलेलं काम पडलं, विशेषतः वजन खाली आणताना ताण सोसावा लागला, की अंग आंबतं. दुखणं २४ ते ७२ तासांत टोकाला जातं आणि मग ओसरतं. तोच व्यायाम त्याच वजनाने पुढच्या आठवड्यात केला, तर निम्मंही दुखत नाही. वाढ मात्र चालूच असते. म्हणजे अंग आंबण्यावरून काम किती नवं होतं ते कळतं, किती उपयोगाचं होतं ते कळत नाही. नवशिक्याने हे पहिल्याच आठवड्यात ध्यानात घेतलं, तर पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

कारण जिम सुटते ती बहुतेकदा आळसाने नाही. पहिल्या तीन दिवसांत सगळी मशीन, प्रत्येकावर चार-चार सेट (न थांबता सलग केलेल्या उचलींचा एक गट म्हणजे सेट), प्रत्येक सेट दम निघेपर्यंत. चौथ्या दिवशी हात वर करून केस विंचरता येत नाहीत. मग "जरा बरं वाटू दे" म्हणत दहा दिवस खाडा. ताण किती द्यायचा आणि तो भरून यायला किती वेळ सोडायचा, हे दोन्ही आकडे वहीत असले, तर ही गाडी रुळावरून घसरत नाही. म्हणून जिमच्या बॅगेत हातमोज्यांच्या आधी एक छोटी वही आणि पेन टाका.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, हर्निया किंवा जुनी पाठदुखी असेल, किंवा गरोदरपण असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

पायरी १: आठवडा मांडून घ्या

नवीन माणसाला तीन दिवस पुरतात: सोमवार, बुधवार, शुक्रवार, किंवा मंगळवार, गुरुवार, शनिवार. दोन व्यायामांत एक पूर्ण दिवस मोकळा. प्रत्येक दिवशी सगळ्या अंगाचा व्यायाम.

बऱ्याच जिममध्ये पहिल्याच दिवशी हातात मिळतो तो तक्ता वेगळा असतो: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, असं सहा दिवस. मुरलेल्या माणसाला तो चालतो. नवशिक्याच्या छातीवर मात्र एकाच दिवशी पंधरा-वीस सेट पडतात, त्यातल्या पहिल्या पाच-सहांनंतरचे बहुतेक फक्त थकवा वाढवतात. व्यायामानंतर स्नायूची बांधणी साधारण दीड-दोन दिवस जोरात चालते आणि मग मंदावते. म्हणजे सोमवारची छाती बुधवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत नुसती बसून. तेच सेट दोन-तीन दिवसांत वाटले, तर प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो आणि व्यायामाची रीतही लवकर हाताला बसते. नवशिक्याची पहिल्या महिना-दीड महिन्यातली ताकद मुख्यतः याच सरावातून येते. स्नायूचा आकार मागून वाढतो.

दोन तक्ते करा आणि आलटून-पालटून वापरा.

तक्ता अ: स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं), सीटेड रोइंग (बसून केबल पोटाकडे ओढणं), वेळ उरला तर पोटऱ्या आणि दंडाचे दोन-दोन सेट.

तक्ता ब: रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पुढे झुकत बार मांड्यांलगत खाली-वर नेणं), शोल्डर प्रेस (वजन खांद्यांपासून डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं), लेग प्रेसचे (मशीनवर पायांनी वजन ढकलणं) दोन सेट.

या आठवड्यात अ-ब-अ, पुढच्या आठवड्यात ब-अ-ब. पहिले दोन आठवडे मुख्य व्यायामांचे दोनच सेट. तिसऱ्या आठवड्यापासून तीन. पंचेचाळीस मिनिटं ते तासाभरात हे संपायला हवं. दीड तास लागत असेल तर एक तर तुम्ही गप्पा मारताय, नाहीतर तक्त्यात नसलेले व्यायाम शिरलेत.

पायरी २: वजन निवडा

आधी बार किती किलोचा आहे ते विचारा किंवा वजनकाट्यावर ठेवून बघा. स्पर्धेचा पुरुषांचा बार २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो, पण गल्लीतल्या जिममध्ये ८, १०, १२ किलोचेही बार दिसायला तसेच असतात. एक दिवस हा बार, दुसऱ्या दिवशी तो, असं झालं की वहीतल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

जास्तीत जास्त किती उचलता येतं याची परीक्षा नवशिक्याने घेऊच नये. स्नायूंच्या मानाने कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, सावकाश मजबूत होतात. स्नायू तयार वाटतो आणि कोपर किंवा गुडघा कुरकुरतो, तो यामुळे. त्याऐवजी "शिल्लक" मोजा: सेट थांबवला तेव्हा आणखी किती रेप (वजन एकदा खाली-वर करणं म्हणजे एक रेप) नीट निघाले असते? पहिले दोन आठवडे तीन-चार शिल्लक ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन-तीन. त्यानंतर मोठ्या व्यायामांत कायम दोनच्या आसपास, आणि दंड, पोटऱ्या अशा छोट्या व्यायामांच्या शेवटच्या सेटला एक.

दोन शिल्लक आहेत हे ओळखायचं कसं? वेगावरून. समजा, ३० किलोचा स्क्वॉट आहे. पहिले पाच रेप एकाच लयीत वर येतात. सहावा-सातवाही तसाच, फक्त श्वास मोठा होतो. आठव्याला मांडी जमिनीला समांतर असते तिथून वर येताना बार क्षणभर रेंगाळतो, आणि मग सुटतो. हा रेंगाळलेला रेप आला, की साधारण दोन शिल्लक असतात. नववा-दहावा त्याहून सावकाश येतील. अकराव्याला गुडघे आत वळतील, कंबर आधी वर जाईल, छाती पुढे पडेल. तिथे मांड्यांचा व्यायाम संपून पाठीचा जुगार सुरू होतो. तेव्हा थांबायचं ते रेंगाळलेल्या रेपवर. ट्रेनर शेजारी उभा राहून "अजून दोन, अजून दोन" म्हणत असला तरी.

सुरुवातीला हा अंदाज चुकतोच, आणि दोन्ही बाजूंनी चुकतो. जळजळ झाली म्हणून पाच शिल्लक असताना सोडणारे जास्त असतात. अंदाज पक्का करायला दोन-तीन आठवड्यांनी एकदा लेग एक्सटेन्शन किंवा केबल रोइंगसारख्या मशीनवर, जिथे वजन अंगावर पडायची भीती नाही तिथे, शेवटचा सेट खरोखर अडेपर्यंत करून बघा. मनात धरलेला आकडा आणि निघालेला आकडा शेजारी-शेजारी लिहा. बेंच प्रेसवर हा प्रयोग नको. एकट्याने बेंच प्रेस करायची वेळ आली तर रॅकचे, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीचे, अडसर छातीच्या उंचीला लावून घ्या. ते नसतील तर डंबेल वापरा.

वॉर्म-अप म्हणजे ट्रेडमिलवर वीस मिनिटं नव्हे. पाच मिनिटं अंग गरम करा, मग त्याच व्यायामाचे हलके सेट. ४० किलोचा स्क्वॉट करायचा असेल तर रिकामा २० किलोचा बार ८ वेळा, ३० किलो ५ वेळा, ३५ किलो २ वेळा, आणि मग खरे सेट. हे हलके सेट तुमचा त्या दिवसाचा मापकही आहेत: रोज हलका लागणारा ३० किलोचा बार आज जड लागतोय का? लागत असेल तर त्याचं काय करायचं, ते पायरी ५ मध्ये.

पायरी ३: सेटमधली विश्रांती घड्याळ लावून

स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस यांच्या दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं. रोइंग, पुलडाउनला दीड ते दोन. दंड आणि पोटऱ्यांना एक मिनिट चालतं. घाम निथळला म्हणजे व्यायाम झाला, या समजुतीने लोक तीस सेकंदांत पुढचा सेट घेतात. मग पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४ रेप निघतात. दम जातो, स्नायूला काम कमी पडतं. ताकद कमी पडल्याने रेप घटले की श्वास कमी पडल्याने, हेही मग कळत नाही.

संध्याकाळी सात वाजता बेंचसाठी रांग असते आणि तीन मिनिटं बसून राहिलात तर लोक डोळे वटारतात. अशा वेळी दोन विरुद्ध व्यायाम जोडा: बेंच प्रेसचा सेट, दीड मिनिटाने रोइंगचा सेट, दीड मिनिटाने पुन्हा बेंच. छातीला तीन मिनिटं मिळतात आणि वेळही वाचतो. स्क्वॉट आणि डेडलिफ्टची जोडी मात्र लावू नका, दोन्हीत कंबर राबते.

पायरी ४: वजन कधी वाढवायचं

रेपची एक पट्टी ठरवा, म्हणजे मुख्य व्यायामांना ८ ते १०. आधी रेप वाढवा, मग वजन. वहीत हे असं दिसतं:

३० किलो: ८, ८, ७, शिल्लक २
३० किलो: ९, ८, ८, शिल्लक २
३० किलो: १०, १०, ९, शिल्लक २
३० किलो: १०, १०, १०, शिल्लक २
३२.५ किलो: ८, ८, ७, शिल्लक २

शेवटच्या ओळीत रेप घटले म्हणून घाबरायचं कारण नाही, ते घटणारच. पण "शिल्लक" हा रकाना ढिला पडू देऊ नका. १०, १०, १० निघाले आणि शिल्लक शून्य होती, तर वजन वाढवायचं नाही. पुढच्या वेळी तेच वजन.

इथे एक व्यवहाराची अडचण येते. सव्वा किलोच्या दोन प्लेट असतील तर बारवर अडीच किलो वाढवता येतात. अनेक ठिकाणी सगळ्यात छोटी प्लेटच अडीच किलोची असते, म्हणजे एकदम पाच किलोची उडी. लेग प्रेसला ती काहीच नाही. २० किलोच्या शोल्डर प्रेसला ती २५ टक्के झाली. डंबेलचंही तसंच, १० वरून १२.५ म्हणजे पुन्हा २५ टक्के. अशा व्यायामांत पट्टी ८ ते १५ अशी लांबवा आणि तिन्ही सेटला १५ आल्यावरच उडी घ्या. किंवा सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या विकत घ्या. पहिल्या वर्षात प्रोटीनच्या डब्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

पायरी ५: भरपाई

झोप आधी. सात ते नऊ तास. संध्याकाळच्या व्यायामाआधी कॅफीनवालं प्री-वर्कआउट घेतलंत तर रात्री अकरालाही त्याचा बराच भाग रक्तात असतो, कारण कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. चार वाजल्यानंतरचा चहाही त्यातच धरा. रात्रपाळी असेल तर जड व्यायाम झोपेच्या आधी न ठेवता उठल्यानंतर ठेवा, आणि पाळी बदलते त्या आठवड्यात एक सेट कमी करा.

जेवणाचा हिशेब मराठी ताटात जरा अवघड जातो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत साधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत. वजन उचलणाऱ्याने १.६ ग्रॅमच्या आसपास धरावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ९६ ग्रॅम झाले. शाकाहारात ते असे जमतात: अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, साठ ग्रॅम कोरडी डाळ १४, चार पोळ्या १२, दोनशे ग्रॅम दही ७, मूठभर शेंगदाणे ७. बेरीज शंभर. डाळ "कोरडी" मोजायची, कारण पातळ आमटीच्या वाटीत पाणीच जास्त असतं आणि दोन वाट्या आमटी ओरपून प्रथिनं झाली असं वाटत राहतं. अंडी खात असाल तर एका अंड्यामागे ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमागे २२-२३, तेवढ्याच बांगड्यामागे १८-२०. पोळी-भात सोडू नका. जड सेटचं इंधन तेच आहे. भाकरी बंद करून स्क्वॉट वाढवायला निघालेल्याची वही तिसऱ्या आठवड्यात थबकते.

उपासाच्या दिवसाचं वेगळं बघावं लागतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत दाण्याचं कूट सढळ घाला, सोबत दही, दूध, राजगिरा. निर्जळी उपासाला जिमला सुट्टी. नवरात्राचे नऊ दिवस उपास असतील तर वजन तेच ठेवून सेट निम्मे करा. शरीराला ताकद टिकवायला त्याहून जास्त लागत नाही.

आता ज्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही ते. शरीराला जिमचा ताण आणि बाहेरचा ताण वेगळा कळत नाही. रविवारी हरिश्चंद्रगड किंवा राजगड केला असेल, तर मांड्यांना खरा मार चढताना बसत नाही, उतरताना बसतो: प्रत्येक पावलाला मांडी शरीराचं वजन आवरत लांबते, आणि अंग आंबायचं कारण नेमकं हेच. अशा सोमवारी स्क्वॉट लावला तर बार जड लागणारच. त्या दिवशी फक्त बेंच, रोइंग, पुलडाउन करा आणि पाय बुधवारवर ढकला. ढोल-ताशा पथकात असाल तर गणपतीआधीचे सरावाचे आठवडे कंबर आणि खांद्यांच्या खात्यावर पडतात. कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवल्यावर दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट आणि शोल्डर प्रेस निम्म्यावर आणा. विरार किंवा कर्जत लोकलला दीड तास लटकून आल्यावर पहिला वॉर्म-अप सेटच जड लागतो, यात कमीपणा काही नाही.

जड लागलं तर काय करायचं? एखाद्या दिवशी नेहमीचं वॉर्म-अप जड वाटलं, तर त्या दिवशी वजन १० टक्के उतरवा, प्रत्येक व्यायामाचा एक सेट गाळा, घरी जा. त्याच वजनावर लागोपाठ दोनदा रेप घटले, तर आधी झोप आणि जेवण तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. लागोपाठ तीनदा घटले, भूक कमी झाली, चिडचिड वाढली, झोप तुटायला लागली, तर एक हलका आठवडा घ्या: व्यायाम तेच, सेट निम्मे, वजन १० ते १५ टक्के कमी. सकाळी उठायच्या आधी मिनिटभर नाडी मोजायची सवय लावा. नेहमी ६४ असलेली नाडी तीन-चार दिवस ७२ च्या वर राहिली, तर ताण साचतोय किंवा आजारपण येतंय. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका.

असे काही नसलं तरी सहा ते आठ आठवड्यांनी एक हलका आठवडा ठेवायची पद्धत चांगली. पण लग्नसराई, दिवाळी, गावची जत्रा असा खाडा आपल्याकडे दोन महिन्यांत एकदा होतोच. तोच हलका आठवडा समजा आणि वेगळा घेऊ नका.

दुखणं नेमकं कोणतं?

दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, दाबल्यावर जाणवतं, चालून-फिरून मोकळं वाटतं: हे अंग आंबणं. चालत राहा, कोमट पाण्याने अंघोळ करा, त्या स्नायूला हलका व्यायाम चालेल. दर वेळी वेदनाशामक गोळी घ्यायची सवय मात्र लावू नका.

एकाच बाजूला, सांध्यात, टोचल्यासारखं दुखतं आणि हालचालीच्या ठरावीक टप्प्यावर पकडतं: तो व्यायाम थांबवा. कंबरेत उसण भरली, तर दुसऱ्या दिवशी "ताणून मोकळं" करायला जाऊ नका. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल तर डॉक्टर.

आणि एक गोष्ट कधीच अंगावर काढायची नाही. खूप जास्त व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू प्रमाणाबाहेर सुजले, हात किंवा पाय हलवता येईना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं अडतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारणाऱ्यांत आणि मोठ्या खंडानंतर जुन्या वजनाने सुरू करणाऱ्यांत हा धोका जास्त, उन्हाळ्यात आणि पाणी कमी पडलं तर आणखी.

ताप असताना व्यायाम नको, अंग "घाम काढून" बरं होत नाही. छातीत दुखणं, भोवळ येणं, धडधड न थांबणं यासाठी सेट अर्धवट सोडा आणि डॉक्टर गाठा.

खाड्यानंतर

आठवडाभर चुकला तर जिथे सोडलं तिथून सुरू करा, फक्त पहिल्या दिवशी एक सेट कमी. तापातून उठला असाल तर ताप जाऊन तीन-चार दिवस नीट जेवण गेल्यावर या, आणि निम्म्या वजनाने. डेंग्यूनंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बार धरू नका.

महिनाभराचा खाडा असेल तर जुन्या वजनाच्या सत्तर टक्क्यांनी, दोन सेटनी सुरू करा. स्क्वॉट ४० किलोवर सोडला होता? पहिल्या दिवशी २७.५ किलो, ८-८, शिल्लक चार. हे फारच हलकं वाटेल आणि हात शिवशिवतील. तरी तिसरा सेट घेऊ नका. त्यानंतर दर वेळी अडीच किलो टाकत गेलात, तर स्क्वॉटच्या सहाव्या दिवशी, म्हणजे अ-ब तक्त्याने चौथ्या आठवड्यात, बार पुन्हा ४० वर असतो.